आजारी पडायची नोकरी

...न्हाई न्हाई, सही करनार न्हाई असं कुटं म्हनलो मी? पेन ऱ्हाऊ द्या हितंच. करतो की सही. पन भाऊसाहेब, एवड्या उनाचं सांगलीस्नं कुंडलपत्तुर आलाय, तर जरा टेका सोप्यावर — तितं नगं, तितं पत्रा तापतोय, हिकडं सरका — आनि मला एकदा नीट वाचून दावा काय लिवलंय त्ये. हां. “परीक्षेच्या दिवशी नमुना रुग्ण नाथाजी यांस झालेली वेदना वास्तविक / अभिनीत. नको ते खोडावे.” आता ह्यात वास्तविक म्हंजी खरी, आनि अभिनीत म्हंजी सोंगाची, बरोबर? एका शब्दावर रेघ मारायची आनि सुटायचं. लय सोपं. आनि ह्यो दुसरा कागद साताऱ्याचा. तितल्या नव्या वर्गात “मुख्य नमुना रुग्ण” म्हनून नेमनूक, हाताखाली तीन नमुने. आवं, पल्टनीत सोळा वर्सं काडली, लान्स नाईकाच्या फुडं सरकलो न्हाई, आनि आजारी पडन्यात हेड झालो! — पन ह्यो हुकूम अभिनीत ठिवलं तरच, व्हय ना? वास्तविक ठिवलं तर तुमी त्यो पिशवीत घालून माघारी न्हेनार. व्हय, तसंच. नियम हाय त्यो. मला तोंडपाठ हाय.

तुमी हापिसातलं, तुमाला वर्गात काय चालायचं ह्ये कसं ठावं असनार? ऐका मग. गेल्या वर्सी, पंच्याहत्तरच्या जूनात सांगलीच्या दवाखान्यात सुरू झाला वर्ग. मधुकर डाक्टर स्वीडनला जाऊन आलेला मानूस. तवर आपल्याकडं रीत काय — हार्टचा झटका आला की सहा आटवडं उतानं पडायचं, कुशीवर वळायचं तरी नर्सबाईला इचारून. आनि ह्यो बाबा म्हनतोय, चालवा त्येला! दम्याच्या म्हाताऱ्याला चालवा, लकव्याच्या मानसाला उबा करा, साखरंवाल्याला पायडल मारू द्या. औषदावानी व्यायाम द्यायचा, मोजून, चमच्या-चमच्यानं. आनि त्यो मोजून देनारा मानूस तयार करायचा — व्यायामोपचारक. ह्यो शब्द जिभंवर बसायला मला पंधरा दिस लागलं. सहा जनं निवडली. चार तालमीतली, एक शाळंतला पीटी मास्तर, आनि एक वाईची विनोदिनीबाई, बीएस्सी झालेली, चष्म्याची. पैलवान का घेतलं म्हनताय? डाक्टर म्हनायचं, ह्यास्नी अंगाची भाषा येती. येत हुती की! पैल्याच आटवड्यात एका पैलवानानं गुडघेदुखीच्या म्हाताऱ्याला बैठका मारायला लावल्या. म्हातारा खाली बसला त्यो वर येईना. तिगांनी उचलला. त्या दिवशी डाक्टरांनी ठरावलं — ही पोरं शिकंस्तवर खरा पेशंट ह्यांच्या हातात द्यायचा न्हाई. खोटा आना.

मग पेपरात आलं. कातरन हाय माझ्याकडं, ट्रंकंत — ऱ्हाऊ द्या, पाठच हाय. “पाहिजे : पूर्ण निरोगी इसम, आजारी पडण्यासाठी. लष्करी सेवा झालेल्यास प्राधान्य.” मनुबाईनं, माझ्या मंडळीनं, वाचून घेतलं मास्तरांकडनं आनि मला म्हनली, आवं ह्ये तुमच्यासाटीच काडलंय, घरात बसून दुसरं करताय काय? गेलो. तीन डाक्टरांनी तपासलं. छाती, लघवी, डोळं, दात. आजारी पडायला फिटनेस सर्टिफिकेट लागतंय हो! आनि छापील नियम हातात दिलं. त्यातला चवथा नियम — “नमुना रुग्णाने आजारी असताना कामावर येऊ नये. तसे आढळल्यास नेमणूक रद्द.” हसू नगा. बरोबरच हाय त्ये. सोंगात खरं मिसळलं तर पोरं शिकनार काय?

तर रोज सकाळी एक कार्ड मिळायचं. “वय त्रेपन्न. डावी बाजू लुळी. साखर. दोन महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका. स्वभाव चिडका.” वाचायचं आनि तसं व्हायचं. वार्डात जाऊन बसायचो मी, खऱ्या पेशंटांशेजारी. पाय कसा वडत्यात, पान्याचा ग्लास कुठल्या बाजूनं सांडतो, बायकू आली की जास्तीचं कसं कन्हत्यात. पल्टनीत हुतो तवा पांघरुनात पडून ताप आलाय म्हनायची सवय हुतीच. एकदा विनोदिनीबाई म्हनली, “काका, काल तुमचा उजवा पाय लुळा होता, आज डावा झालाय.” मी म्हनलं, बाई, सरकलाय त्यो. तिनं वहीत लिवून घेतलं. तसली हुशार. मला पुन्यांदा चूक करू दिली न्हाई तिनं.

आनि गावात काय तमाशा! कुंडल-सांगली एस्टीच्या कंडाक्टरनं एकदा मला दवाखान्याच्या दारात पाय फरपटताना बगितलं. झालं. दुसऱ्या दिसापास्नं मला पुडची शीट. मानसं उठवून शीट! आता त्येला कोन सांगनार, बाबा मी धडधाकट हाय? मग काय, गाडीतबी लुळं बसायचं. सांगलीत दिसभर पेशंट आनि एस्टीत वरकड काम. आटपाडीस्नं माझी भन साळूबाई आली छाती बडवत, भाऊ रोज मरतोय आनि मला कुनी कळावलं न्हाई म्हनून. मनुबाईनं तिला पानी दिलं आनि सांगितलं, “वन्सं, रडू नगा, ह्यास्नी आजारी पडायची नोकरी लागलीया.” तर साळूबाई जास्तच रडाय लागली. नोकरी म्हनलं की ती कायमची असती असं तिला वाटलं.

चहा घेनार? घरात कुनी न्हाई आत्ता, मनुबाई वैरनीला गेलीया, पन मी करतो की. — नगं? बरं.

जोतीरामचं सांगतो. त्येच्यापायीच आलाय न्हवं तुमी? आष्ट्याचा गडी, मान ही एवडी, कान मोडलेलं, आनि मन लोन्यावानी. पन डोसक्यात काय शिरंल तर शपथ. मनगट धरून नाडी मोजायची तर ह्यो मोट्यानं मोजायचा, तालमीतल्या जोरावानी — अठ्ठ्यान्नव, नव्व्यान्नव, शंभर! आनि शंभर झालं की माझ्या पाठीवर थाप. “शाबास काका!” डाक्टरांनी फाईल फेकून मारली हुती एकदा. त्येच्या हातात माझा हात आला की मला वाटायचं, ह्यो आता माझी पाठ मातीला लावनार. पन भाऊसाहेब, एक सांगू? बाकीची पाच जनं कार्ड बगायची. ह्यो माझ्या तोंडाकडं बगायचा. विनोदिनीबाई सोडली तर एकानं कवा इचारलं न्हाई, काका जेवला का. ह्यो इचारायचा.

सायकल हुती एक, पलूसच्या वेल्डरनं केलेली. चाक जाग्यावर फिरायचं, त्येला चामड्याचा पट्टा, पट्टा आवळला की चढ लागल्यागत जड. म्या वर बसायचं, पायडल मारायचं, आनि दम किती लागला त्ये आकड्यात सांगायचं — सहा ते वीस. सहा म्हंजी आरामात, वीस म्हंजी आता मेलो. मी डाक्टरांस्नी इचारलं, एक ते पाच कुटं गेलं? म्हनलं, “स्वीडनच्या शास्त्रज्ञानं तिथूनच सुरू केलंय, नाथाजी.” मग मला वाटलं, पाचाच्या खाली मेल्यावर जात असत्याल. तर कार्डावर बहुतेक “तेरा” असायचं. मी आपला कन्हत, आई आई गं करत, डोळं फिरवत — “तेरा!” म्हनायचो. दिवाळीनंतर तर मी असं कायी करायचो की पोरं घाबरायची. जिन्याच्या मदल्या पायरीवर थांबायचो, कठडा धरायचो, घाम पुसायचो. पोरं खालनं बगायची आनि म्हनायची, काका रिहर्सल करत्यात. व्हय, म्हनायचो मी, रिहर्सल.

...काय? दिवाळीनंतरच का? आसंच. कलेत मानूस मुरतो की हळूहळू.

तर परीक्षा. फाल्गुनात. मुंबईस्नं परीक्षक आलं — नारायणराव, सूटबूट, गळ्यात दोरीचं घड्याळ. एकच कार्ड, सहाही जनांस्नी. हार्ट, लकवा, साखर, तिन्ही एकात. एकेकानं यायचं, मला सायकलवर बसवायचं, चढ किती द्यायचा ठरवायचं, कवा थांबवायचं त्ये ठरवायचं. धा-धा मिन्टं. म्हंजी उमेदवार बदलनार, मी त्योच. पैली विनोदिनीबाई झाली, झकास. मग पीटी मास्तर. मग तिगं पैलवान. नारायणराव लिवत हुतं आनि माझ्याकडं बगून मान डोलवत हुतं. मला लय बरं वाटत हुतं बगा. आवं, आयुक्षात कुनी माझ्याकडं असं घड्याळ लावून बगितलं न्हवतं. पाचवा गडी चालू हुता तवा हितं — छातीत न्हवं, हितं, जबड्याखाली — कुनी चिमटा लावल्यागत झालं. रोजच्यावानीच. म्हंजी... रोजच्या सोंगातल्यावानी. मग डाव्या खांद्यात उतरलं. मी म्हनलं, ऱ्हाईल. एकच गडी उरलाय.

त्यो जोतीराम. आला, पट्टा बगितला, मनगट धरलं. आनि ह्या खेपंला मोजलं न्हाई त्येनं मोट्यानं. माझ्या तोंडाकडं बगत ऱ्हायला. “काका, किती?” म्हनला. मला तेरा म्हनायचं हुतं. त्वांड उगडंना. पुन्यांदा म्हनला, “काका, किती झालं?” तर मी पायडलच मारतोय. त्येनं पट्टा सोडला. नारायणराव म्हनलं, “कार्डावर अजून तीन मिनिटं आहेत.” जोतीराम म्हनला, “सायेब, ह्ये कार्डातलं न्हाई.” “कशावरून?” तर म्हनला, “काका बोलंनात.”

बास. एवडंच त्येचं शास्त्र. मला खांद्यावर टाकलं, डोसकं खाली पाय वर, आनि सुटला मागच्या अंगनातनं वार्डाकडं. आनि मागनं टाळ्या! नारायणराव उभं राहून टाळ्या वाजवत हुतं. मला उलटं दिसत हुतं सगळं. त्येंनी माझ्या कागदावर लिवलं, “अभिनय अतिउत्कृष्ट. मुंबईतही असा नमुना पाहिला नाही.” आनि जोतीरामच्या कागदावर — “परीक्षा अर्धवट सोडली. हृदयरुग्णास खांद्यावर उलटे वाहून नेले. अनुत्तीर्ण.” आता ह्यात खोटं काय लिवलंय? उलटा न्हेलाच हुता की.

वार्डात तर कळसच. राहीबाई आया दारात, मला बगून हसाय लागली, “नाथाजीदा, आज काय, बाळतपन व्हय?” नर्सबाई म्हनल्या, हे नेहमीचेच, बाहेर बाकावर बसवा. जोतीराम वरडतोय, रडतोय, खोटं न्हवं म्हनतोय, शपथा घेतोय. आनि मी बोलंना ना! बोललो असतो तर इश्वास बसला असता, आनि बोलता आलं असतं तर इश्वास बसायची गरजच न्हवती. अर्ध्या तासानं यंत्र लावलं छातीला. तवर गेलं हुतं सगळं. यंत्राची कागदी पट्टी साफ. ह्येच तर वैशिष्ट्य हाय ह्या दुखन्याचं, थांबलं की थांबतंय, मागं निशान ठिवत न्हाई — म्हंजी आसं वर्गात शिकवलंय डाक्टरांनी.

मग मधुकर डाक्टर आलं. खाटंवर बसलं, माझा हात हातात घेतला. “नाथाजी, खरं सांगा. दुखलं होतं का?” जोतीराम भिताडाला टेकून उबा. अंगातला सदरा भिजलेला. नारायणरावांचा कागद डाक्टरांच्या खिशात, वरची ओळ दिसत हुती मला — “अतिउत्कृष्ट”. आनि चवथा नियम. काय सांगनार हुतो मी? पल्टनीत असताना एकदाबी कुनी उत्कृष्ट म्हनलं न्हाई. गावात मी म्हंजी पेन्शनीवर बसून खानारा. एक ही गोष्ट हुती की जी मला येत हुती. मी हसलो भाऊसाहेब. हसलो आनि म्हनलो, “सोंग हुतं सायेब. जरा जास्त झालं.”

जोतीराम वाकला, चपला हुडकल्या खाटंखालनं, घातल्या, गेला.

आमी हितं पेढं वाटलं. मनुबाईनं आळीभर वाटलं, आमच्या ह्यास्नी मुंबईच्या सायबानं टाळ्या दिल्या म्हनून.

जोतीरामचा निकाल पुन्यांदा तपासा म्हनून विनोदिनीबाईनं अर्ज केला म्हनता? व्हय, तीच करनार. तिच्या वहीत जिन्यावरचं सगळं लिवलेलं असनार, तारखंसकट, कुठल्या पायरीवर किती येळ. पन वहीवर काय ठरत न्हाई, मीच सांगायला पायजे, व्हय ना? म्हनून तर तुमाला धाडलंय.

मागच्या बेस्तरवारी मी आष्ट्याला गेलतो. म्हशीला पेंड आनायला. बाजारात गुळाच्या ढेपा उतरत हुत्या, आनि पाठीवर ढेप घेऊन चाललाय कोन, तर जोतीराम. मी त्वांड फिरवलं. पन त्येनं बगितलं. मला वाटलं, आता ह्यो चारचौघांत माझी अब्रू काडनार. काडायचा हक्कच हुता त्येचा. त्येनं ढेप खाली ठिवली, हात धोतराला पुसला आनि माझं मनगट धरलं. बाजारात, हमालांच्या मदी. ओठ हलले न्हाईत त्येचे. तितल्या दुकानातल्या घड्याळाकडं बगून पंधरा सेकंद मोजलं, मनातल्या मनात चारनं गुनलं आनि म्हनला, “चौऱ्याऐंशी. मदी एक ठोका चुकतोय काका.” मी हात मागं घेतला. तर मलाच म्हनतोय, “चढ लागला की थांबत जावा. लाज वाटली तर चपलंचा अंगठा बगतोय असं दावा.” आनि ढेप उचलली पाठीवर.

आता मला सांगा, भाऊसाहेब — न्हाई, तुमी नगा सांगू. ऐका. डाक्टरांस्नी काय तयार करायचं हुतं? लकवा, हार्ट, साखर एकत्र आलेला मानूस समोर बसला की त्येच्यात काय बिगडलंय त्ये ओळखनारा. सहातला एकच झाला. आनि त्यो गूळ वाहतोय. का, तर मी लय चांगला पेशंट हाय म्हनून! साताऱ्याला जाऊन मी तीन मानसांस्नी शिकवनार, कन्हायचं कसं. मला खरं दुकतं तवा मी कन्हतच न्हाई, आनि मी शिकवनार! आनि तितं तिसऱ्या मजल्यावर हाय म्हनं वर्ग. तिसरा मजला, भाऊसाहेब. पैल्याच दिशी कुटंतरी जिन्यात बसून ऱ्हाईन मी, आनि समदी टाळ्या वाजीवतील.

आना त्यो कागद. आना हिकडं. अभिनीत कुठला ह्यातला — ह्यो? ह्यो दुसरा? अंगठ्यानं दाबून धरा जरा, वाऱ्यानं हलतोय. ही घ्या रेघ. ही घ्या दुसरी. आनि खाली सही. ना-था-जी. झालं. डाक्टरांस्नी म्हनावं, जोतीरामला आष्ट्यास्नं बोलवून घ्या, आनि पैला पेशंट म्हनून मला त्येच्याच हातात द्या. कार्ड नगं म्हनावं. साताऱ्याचा हुकूम घाला पिशवीत. घाला, घाला, मी बगत न्हाई तिकडं.

अजून काय? खाली अजून एक रकाना हाय? “वेदना प्रथम केव्हा जाणवली?” त्येबी भरायलाच पायजे व्हय? बरं, लिवा. कार्तिक. दिवाळीच्या चवथ्या दिशी, उसाची मोळी डोसक्यावर हुती, बांदावर चडताना. तितंच बसलो. वाटलं, संपलं. मग रोजच. जिना चडताना, एस्टी धरताना, एकदा तर इहिरीवर नुस्ती बादली वडताना. घरात सांगितलं, पोटात ग्यास धरतोय. ओवा खाल्ला सहा म्हैनं, दुसरं काय? तिला कशाला सांगायचं? तिनं झोपूच दिलं नसतं, रोज सांगलीपत्तुर माझ्या पाठनं चालत आली असती. दोन येळा तर रातभर मी ह्या खांबाला टेकून बसलोय, आनि सकाळी ती इचारायची — लवकर उठला व्हय? — तर व्हय म्हनलं, कार्ड पाठ करत हुतो. लिवलंत? कार्तिक पुरे. खांबाचं लिवू नगा त्ये, त्ये असंच सांगि...

तुमी मागं काय बगताय?

भाऊसाहेब, निगा तुमी आता. जावा म्हनतो न्हवं. साडेचारची गाडी हाय, चौकात थांबती. पिशवी घ्या. जावा.

...कवापास्नं उबी हायीस गं तू? त्यो भारा उतर की डोसक्यावरनं. मनू? भारा उतर.